खोडलेले समास

बसा वहिनी. उशीर कसला, आत्ता कुठे दिवेलागण झालीये. चहा नंतर टाकते. तो टेबलावरचा दिवा तुमच्या बाजूला ओढून घ्या. एका कामासाठी बोलावलं तुम्हाला. काम तसं किरकोळ आहे, एक चिठ्ठी वाचायची आणि एके ठिकाणी जाऊन यायचं. पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही जाणार नाही, आणि तशाच गेलात तर तिथे काय बोलायचं ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून सांगते. मध्ये काही विचारू नका. एकदा थांबले तर पुन्हा सुरू करायचं बळ माझ्यात नाही.

तुम्ही शेजारी राहायला आलात तेव्हा मी नोकरी सोडलेली होती. त्यामुळे तुम्हाला वाटतं, ही बिचारी रोज दुपारी ग्रंथालयात जाते आणि हात हलवत परत येते. बिचारी! सव्वीस वर्षं मी तिथे ग्रंथपाल होते. लोक माझ्या माघारी मला शिक्काबाई म्हणायचे. मला माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

माझ्या वेळी वाचकाला कपाटांपर्यंत जाता येत नसे. खिडकीशी उभं राहायचं, मागणीची चिठ्ठी भरायची आणि आत सरकवायची. मी मागच्या खोलीत जाऊन पुस्तक आणायचं. नसेल तर चिठ्ठीवर 'जागेवर नाही' असा शिक्का मारायचा आणि सांगायचं, चौदा दिवसांनी या. नियम असा. पण मागची खोली लांबलचक, कपाटं छताला टेकलेली, शिडी डुगडुगती, आणि मला उठायचाच कंटाळा. मग मी खुर्चीत बसल्या बसल्याच शिक्का मारायचे. त्यातून कुणी उलट बोललं, घाई केली, नुसतं घड्याळाकडे बघितलं तरी त्याचं पुस्तक महिनाभर जागेवर नसायचं. माझ्या नाकावर माशी बसलेली मला खपत नसे. पुस्तक त्याला हवं असायचं, मला नाही. मग वाट त्यानेच बघायची.

तर अशा माझ्या खिडकीशी एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. चष्म्याच्या भिंगांची जाडी एवढी की डोळे मोठे दिसायचे, ओले दिसायचे. मी मनात त्यांचं नाव भिंगवाल्या ठेवलं. त्यांनी चिठ्ठीवर जे पुस्तक लिहिलं होतं ते बघून मला हसूच आलं. सांडपाण्याच्या निचऱ्यावरचा एक जाडजूड ग्रंथ. तो कुणी नेल्याचं मला आठवत नव्हतं. मी न उठता शिक्का मारला. चौदा दिवसांनी त्या हजर. पुन्हा शिक्का. पुन्हा हजर. पाचव्या वेळी त्या खिडकीच्या गजाला धरून हळूच बोलायला लागल्या.

"माझी मुलगी तुमच्याकडे अभ्यासाला यायची. गेल्या वर्षी गेली ती. गच्चीवरून पडली. सगळे म्हणतात पाय घसरला..."

मी म्हटलं, "वाईट झालं. पण पुस्तक जागेवर नाही."

"ऐका ना. मी तिच्या वह्या उघडून वाचायचे. कपाट उचकटायचे. आईच आहे, असं म्हणायचे. तिच्या मैत्रिणीने आता सांगितलं, ती घरी काही लिहीतच नव्हती. इथे बसून त्या पुस्तकाच्या समासात लिहायची. पेन्सिलीने. कारण ते पुस्तक कुणी नेत नाही..." त्या गजाला अजून जवळ सरकल्या. "तिचा पाय घसरला की काय झालं, तेवढं मला कळायला हवं. मी वाचून लगेच परत करीन."

दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे विरघळली असती. माझ्या कानात एकच शब्द शिरला, लिहायची. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहायची! वर ही बाई ते बिनदिक्कत सांगते! मी पाचवा शिक्का जरा जोरातच मारला.

त्यांनी अध्यक्षांकडे तक्रार केली. रास्तच होतं ते. पण माझ्या नोकरीतली ती पहिली तक्रार. अध्यक्षांनी शिपायाच्या हाती कागद पाठवला, 'वाचकास पुस्तक त्वरित द्यावे.' शिपाईकाकांनी तो चारचौघांत माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी शिडी चढले. पुस्तक होतं तिथेच होतं, धुळीने माखलेलं. उघडलं तर पानापानाचे समास भरलेले. बारीक, दाट अक्षर, वरून खाली, कडेकडेने. मी वाचलं नाही. दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचत नाही म्हणून तर मी स्वतःला फार सभ्य समजायचे. मी खोडरबर घेतला आणि तीन दुपारी बसून सगळं खोडून काढलं. चारशे बारा पानं. बोटं दुखली तरी थांबले नाही. वहिनी, तेव्हा मी स्वतःला सांगितलं की ही पुस्तकाची स्वच्छता आहे, आमच्या कामातच येते ती. पण आज या दिव्यासमोर सांगते, सूड होता तो. तक्रार करतेस काय, मग घे.

त्या आल्या तेव्हा मी उभी राहिले, दोन्ही हातांनी पुस्तक दिलं आणि म्हणाले, "घ्या. स्वच्छ करून ठेवलंय."

त्यांनी पहिलं पान उघडलं. दुसरं. तिसरं. एकेक पान सावकाश उलटत होत्या. मागे रांग लागली. पानं उजेडात धरून तिरक्या नजरेने बघत होत्या, काही ठसा उमटलाय का म्हणून. पेन्सिल मऊ होती, नव्हता उमटला. शेवटच्या पानापर्यंत गेल्या.

"तुम्ही वाचलंत का?"

"नाही."

"एखादी ओळ तरी..."

"मी दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचत नाही."

त्या रडल्या नाहीत. बोटाच्या टोकाने शिवणीत अडकलेला खोडरबराचा भुसा वेचायला लागल्या. कण कण वेचला, रुमालाच्या कोपऱ्यात बांधला. मग ते मोठे ओले डोळे माझ्याकडे वळले.

"तुम्हाला लेक आहे ना?"

"आहे."

"लिहिते का ती?"

एवढंच विचारलं आणि निघून गेल्या. तीन आठवड्यांनी त्यांचे दीर ग्रंथालयाचं कार्ड परत करायला आले. झोपेतच गेल्या म्हणाले. जाता जाता थांबले आणि जरा ओशाळून म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सारख्या विचारायच्या, शिक्काबाईंची लेक काय लिहिते. म्हणजे, तुम्हाला काही कल्पना..." मी कार्ड घेतलं आणि खिडकी लावून घेतली.

माझी लेक तेव्हा तेवीस वर्षांची. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तिच्याशी मी कशी वागायचे? जशी वाचकांशी, तशीच. चौदा वर्षांची असताना तिने एका पुस्तकावर चहा सांडला म्हणून मी तिचं कार्ड रद्द केलं होतं. घरचीच आहे म्हणून सूट दिली असं कुणी म्हणायला नको! तिने नंतर कधी मागितलं नाही आणि मीही दिलं नाही.

दीर येऊन गेले त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजले असतील. वाचक पांगलेले, शिपाईकाका टपालाला गेलेले. मागच्या खोलीतून आवाज आला. पान उलटल्याचा. जरा वेळाने दुसरं पान. जरा वेळाने तिसरं. त्याच सावकाशीने. मी म्हटलं, झरोक्यातून वारा येत असेल. उठून गेले. त्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागायचा, आणि कपाटांच्या दोन रांगांमध्ये उजेड पोचायचाच नाही. वारा नव्हताच. एक वास होता. पेन्सिलीला टोक काढताना येतो ना, तो वास. जमिनीवर एक पुस्तक उघडं पडलेलं. वेगळंच, कसलासा प्रवासाचा ग्रंथ. त्याच्या समासात ओळी होत्या.

अक्षर माझ्या लेकीचं होतं.

तिच्या 'ल'ची शेपटी नको तेवढी खाली ओढलेली असते, लहानपणी त्यावरून मी तिला पट्टीने मारलेलं आहे. ओळखायला चुकेन कशी? मी खाली बसले आणि वाचायला लागले. 'आई आज दिवसभरात माझ्याशी चार शब्दही धड बोलली नाही. मी जेवले का, हेही...' एवढंच वाचलं, आणि ओळ पुसट व्हायला लागली. पहिल्या शब्दापासून. कुणीतरी वरून खोडतंय, तशी. कागद हलत होता, वहिनी. घासल्यासारखा खर्र खर्र आवाज येत होता. मी हाताने अक्षरं झाकली तर हाताखालूनही गेली. पान कोरं झालं आणि माझ्या तळव्याखाली भुसा राहिला. करड्या रंगाचा... कोमट.

घरी आले. लेक स्वयंपाकघरात उभी होती. मी विचारलं, "तू ग्रंथालयात आली होतीस?"

"तुझ्या ग्रंथालयात?" ती हसली. "मला कार्ड कुठेय?"

"तू काही लिहितेस का कुठे?"

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुला कधीपासून पडली त्याची?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज. चार वाजले की पान उलटायचं, वास यायचा, कुठलंतरी पुस्तक उघडं पडलेलं असायचं. मी धावायचे. दम लागेपर्यंत वाचायचे, आणि महत्त्वाचा शब्द आला की खर्र... खर्र... 'मला आईला एकदाच सांगायचंय की...' गेलं. 'हे असं अजून किती दिवस मला...' गेलं. 'काल गच्चीवर उभी होते तेव्हा...' वहिनी, त्या दिवशी मी ओरडले. शिपाईकाका धावत आले. त्यांना कोरं पान दिसलं, पण भुसाही दिसला. झाडताना कुरकुरले, "बाई, मागे कुणाला खोडायला बसवलंय का? रोज सुपलीभर निघतंय हे."

मी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. लेकीच्या वह्या शोधल्या, एकही सापडली नाही. मग तिची पिशवी, तिचं कपाट, गादीखाली, उशीच्या अभ्र्यात. ती अंघोळीला गेली की मी तिचा फोन घेऊन बसायचे. रात्री तिच्या खोलीची कडी मीच बाहेरून लावायला लागले. मी काय करतेय हे मला कळत नव्हतं असं नाही. त्या भिंगवाल्या बाईने कपाट उचकटल्याचं सांगितलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता मी तीच झाले होते. तिने मला तिच्याच जागी आणून उभं केलं होतं, आणि मला ते समजत असूनही माझे हात थांबत नव्हते.

लेकीने एकदा मला पिशवी उपसताना धरलं. भांडली नाही. "काय शोधतेस ते तरी सांग," म्हणाली. काय सांगू? म्हटलं, "आईच आहे मी." तिने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि खोलीत गेली.

त्यानंतरच्या दुपारी मी मागच्या खोलीत गेले आणि पान उलटायच्या आतच हात जोडले. आयुष्यात कुणापुढे वाकले नव्हते, तिथे त्या धुळीत गुडघ्यावर बसले.

"चुकलं माझं. काय हवंय ते सांगा. मला हवी ती शिक्षा करा, पण मला तिचं वाचू द्या... पुरं वाचू द्या एकदा. पोरगी माझी सलामत राहू द्या..."

मग अगदी टोकाच्या रांगेतून, अंधारातून आवाज आला. शांत, कंटाळलेला. खुर्चीतून न उठता बोलल्यासारखा.

"चौदा दिवसांनी या."

मी दिवस मोजले. रजा घेतली, लेकीला डोळ्यांआड होऊ दिलं नाही. चौदाव्या दिवशी पहाटे माझा डोळा लागला, पाऊण तासही नसेल. उठले तर तिच्या खोलीची कडी उघडी. मीच लावली होती, हे नक्की. कपाटातले चार कपडे नव्हते, चपला नव्हत्या. गच्चीकडे धावले. कुलूप शाबूत. खाली रस्त्यावर बघितलं, काही नव्हतं. जिवात जीव आला. मग तिच्या टेबलाशी गेले.

टेबलावर कागद होता. वर वजन ठेवलेलं, उडू नये म्हणून. माझ्यासाठीच ठेवलेला असणार. कोरा होता. आणि त्याच्याभोवती टेबलभर... भुसा.

दोन वर्षं झाली. पोलीस झाले, नातेवाईक झाले, तिच्या मैत्रिणींच्या घरी मी उंबरे झिजवले. कुणाला काही माहीत नाही. आहे की नाही, हेसुद्धा माहीत नाही. मी नोकरी सोडली.

माझ्या जागी एक नवी मुलगी आलीये. हसऱ्या तोंडाची. तिने पहिल्याच महिन्यात ती खिडकी काढून टाकली, कपाटं लोकांसाठी उघडी केली. कुणी काही मागितलं की ही हातातलं टाकून उठते. आधी मला तिचा राग यायचा, मग लाज वाटायला लागली. मी रोज जाते आणि तो निचऱ्याचा ग्रंथ मागते. ती शिडी चढते, फडक्याने पुसते आणि माझ्यापुढे आणून ठेवते. एकदाही 'जागेवर नाही' म्हणाली नाही. मी चारशे बारा पानं उलटते. कोरी. परत करते. हे असं चाललं होतं, आज दुपारपर्यंत.

आज तिने विचारलं, "आजी, रोज काय शोधता यात? मी बघू का?"

मी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. तिने उघडलं आणि म्हणाली, "अगंबाई! समास तर भरलेत सगळे."

तिची नजर ओळीवरून सरकत होती, मी बघत होते. पान उलटलं. पुढचं पान. एकदा हसली. एकदा तोंडावर हात ठेवला. तासभर वाचत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "आजी, हे तुमच्या मुलीने लिहिलंय. तुमच्याचसाठी आहे सगळं."

"काय लिहिलंय?"

ती सांगायला लागली. वहिनी, तिचे ओठ हलत होते. मला पंखा ऐकू येत होता, कुणी खोकलं ते ऐकू येत होतं, बाहेर एक गाडी हॉर्न वाजवत होती. तिचा आवाज नव्हता. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एकदम स्वच्छ ऐकू आलं, "कळलं ना, आजी?"

"परत सांग."

पुन्हा ओठ हलले.

"ती कुठे आहे तेवढं लिहून दे गं मला. पत्ता... पत्ता असेल ना?"

तिने मान डोलावली. मागणीच्या चिठ्ठीवर पुस्तकात बघून चार ओळी उतरवल्या. पेन चालत होतं, शाई उमटत होती. चिठ्ठी माझ्या हातात आली तेव्हा कोरी होती.

मी टॅक्सीवाल्याला दाखवली. त्याने वाचली, "बसा, लांब नाही," म्हणाला. मी बसले. दोन वळणं गेली आणि त्याने पुन्हा चिठ्ठी बघितली. "बाई, थट्टा करता काय? कोरा कागद आहे हा." मी खाली उतरले. काचेतून तो म्हणाला, "अहो, आहे की लिहिलेलं." मी पुन्हा दाराला हात लावला, पुन्हा कोरी. तीनदा असं झालं. मग तो चिठ्ठी माझ्या अंगावर टाकून निघून गेला.

म्हणजे मी सोबत असले तर जाता येत नाही. मला कळता कामा नये, एवढंच त्या भिंगवालीचं म्हणणं आहे. तिला तिच्या लेकीचं कळलं नाही, तर मला माझ्या लेकीचं कळू द्यायचं नाही. ठीक आहे. नको कळू दे. मला पत्ता नको, मला ते समास नकोत. पण दुसरं कुणी तर जाऊ शकतं ना? म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही एकट्या जा वहिनी, उद्या उजाडताच. लेकीला म्हणावं, आईने तुझ्या खोलीची कडीच काढून टाकलीये. म्हणावं, तुझं कार्ड करून ठेवलंय, माझ्या हाताने. यायचं नसेल तर येऊ नकोस, पण आईला एकदा तुझं ऐकायचंय, मध्ये न बोलता...

घ्या चिठ्ठी. दिव्यापाशी धरा. मी भिंतीशी सरकते, बघतसुद्धा नाही.

दिसतंय? दिसतंय ना! मला वाटलंच होतं, तुम्हाला दिसेल. चार ओळी आहेत ना? मला वाचून दाखवू नका, फुकट जाईल. फक्त सांगा, जाल ना?

काय झालं? चिठ्ठी खाली का ठेवलीत? जायला अडचण आहे का? मी करते की गाडीची सोय... अहो, उठलात का? माझा हात कशाला धरलात असा? वहिनी... डोळ्यांत पाणी का तुमच्या?

बोला ना. तुमचे ओठ हलतायत, वहिनी. जरा मोठ्याने बोला.